पळून जाणाऱ्यांची मोजदाद

वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगसारख्या गावातून सोळा-सतरा वर्षांची मुलगी घर सोडून गेली, की ठाण्यात अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर पोलिसांपुढे दुसरा मार्ग नाही, आणि हरवलेल्या लेकरांसाठी तो आदेश योग्यच होता. पेच पडतो तो मुलगी सापडल्यावर. चोवीस तासांत तिला बालकल्याण समितीपुढे हजर करायचे. घरी जायला ती तयार नसेल किंवा घरचे तिला घेत नसतील, तर बालगृह. सोबतचा मुलगाही अठराच्या आतला निघाला, तर तो पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलमांसह बाल न्याय मंडळापुढे.

घरातून पळणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. मोठ्यांनी केले तर चालते अशा वागण्यासाठी मुलांना शिक्षा नको, असे संयुक्त राष्ट्रांच्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांनी १९९० मध्येच सांगितले. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात ‘पोरगं ऐकत नाही’ अशी तक्रार घेऊन आईबापांना तेव्हाच्या बालकल्याण मंडळाकडे जाता येत असे. २०१५ च्या कायद्याने पळून गेलेल्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक मानले. शब्द बदलले, दार कुलूपबंदच राहिले. आणि पोक्सोच्या कलमांचे काय? आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधील २०१६ ते २०२० या काळातल्या पोक्सोच्या ७,०६४ निकालांचा अभ्यास बंगळुरूच्या एनफोल्ड संस्थेने केला. त्यांतले १,७१५ खटले, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांचे निघाले.

घर सोडणारी ही मुले कोण आहेत? अमेरिकेत घर सोडणे, शाळा बुडवणे अशा प्रकरणांची वय, लिंग, वंशानुसार मोजदाद होते. म्हणून तिथे सांगता येते, की न्यायालयात येणाऱ्यांत शाळा बुडवणारे सर्वाधिक असतात आणि इतर बालगुन्ह्यांच्या तुलनेत मुलींचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालात ताब्यात घेतलेल्या विधिसंघर्षग्रस्त मुलांचे शिक्षण आणि घरची स्थिती कोष्टकात मांडतो. बालकल्याण समितीपुढे आलेल्यांसाठी त्या अहवालात असे कोष्टक नाही. म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या पोराबद्दल आपल्याला जेवढे कळते, तेवढेही निरपराध पोरीबद्दल कळत नाही.

वाशीम जिल्ह्याला हे परवडणारे नाही. समितीपुढे आलेल्यांपैकी किती जणी ठरलेले लग्न टाळण्यासाठी निघाल्या, किती मुले कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतली, कितींची शाळा आधीच सुटली होती, हे माहीत नसेल तर नुसती जनजागृतीची पोस्टरे लावून काय साधणार? समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घेण्याची जबाबदारी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. त्या आढाव्यात वय, लिंग, इयत्ता, घरचा व्यवसाय आणि घर सोडण्याचे कारण असे पाच रकाने वाढवावेत आणि ते तालुकावार जाहीर करावेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई मुलांची ओळख उघड करण्याला आहे, नावगाव वगळून केलेल्या बेरजेला नाही.