शब्दांच्या कुळकथा : 'फाइन'

गेल्या महिन्यांतील गोष्ट. रात्रीं घरांतील सर्व मंडळी जेवावयास बसलीं असतां आमच्या पांचवींत शिकणाऱ्या नातवानें एकाएकीं प्रश्न केला, "आजोबा, 'फाइन' म्हणजे चांगलें कीं वाईट?" त्या दिवशीं पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल शाळेच्या ग्रंथालयांत त्यास दहा रुपये 'फाइन' पडला होता, आणि त्याच दिवशीं चित्रकलेच्या बाईंनीं त्याच्या चित्राखालीं तांबड्या शाईनें 'फाइन' असा शेरा दिला होता. एकाच शब्दानें सकाळीं खिसा रिकामा करावा आणि दुपारीं पाठ थोपटावी, हें त्या बालबुद्धीस पटेना. थोरांनीं हंसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचें उत्तर मीं त्या रात्रीं जें दिलें तें अर्धेंच होतें. उरलेलें अर्धें मला पुढें आठ दिवसांनीं उमगलें. वाचकांपुढें तीं दोन्ही त्याच क्रमानें ठेवतों.

एका शब्दास अनेक अर्थ असणें ही कांहीं इंग्रजीचीच मिरास नव्हे. अमरसिंहानें आपल्या कोशांत अशा शब्दांकरितां 'नानार्थवर्ग' म्हणून स्वतंत्र वर्गच योजला आहे. शास्त्रग्रंथांत याचें ठरलेलें उदाहरण 'सैंधव' शब्दाचें. सैंधव म्हणजे सिंधुदेशांतलें. मग तें मीठ असेल किंवा घोडा असेल. धनी भोजनास बसला असतां 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावें, प्रवासास निघाला असतां म्हणाला तर घोडा आणावा. पानाशीं घोडा आणून उभा करणाऱ्या सेवकास शब्द ठाऊक असतो, प्रकरण ठाऊक नसतें. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कोणत्या खुणांनीं ठरवावा, याची यादीच भर्तृहरीनें 'वाक्यपदीया'त दिली आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल इत्यादि खुणा सांगून झाल्यावर अगदीं शेवटीं तो 'स्वर' सांगतो. ही शेवटची खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याशीं पुढें काम आहे.

आतां 'फाइन'कडे वळूं. ह्या शब्दाचें मूळ 'फीनिस' ह्या लॅटिन शब्दांत आहे. त्याचा अर्थ शेवट, सीमा, शीव. त्यापासून निघालेल्या दोन शाखा जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत उतरल्या.

पहिली शाखा गुणाची. जें शेवटास गेलें, ज्यांत आणखी सुधारणेस जागा उरली नाहीं, तें 'फाइन'. सोन्यांतील हीण काढीत काढीत सोनार ज्या टोकास पोंचतो, तें 'फाइन' सोनें. आजहि सोन्याचा कस हजारांत किती भाग शुद्ध, असा सांगतात. बावीस कॅरट म्हणजे चोविसांत बावीस भाग, अर्थात् हजारांत सुमारें ९१६. म्हणून दागिन्यावर ९१६ हा आंकडा उमटवलेला असतो. मळ काढून वस्तु शुद्ध करणें तें 'रिफाइन'. शुद्धावरून शब्द सूक्ष्माकडे गेला. पुष्कळ दळलेलें पीठ बारीक होतें, निगुतीनें कांतलेलें सूत तलम होतें. म्हणून बारीक वाळू, तलम वस्त्र, तीक्ष्ण धार हीं सारीं 'फाइन'च. करारपत्राच्या तळाशीं भिंगांतून वाचावीं लागतील अशा अक्षरांत ज्या अटी छापतात, त्यांस 'फाइन प्रिंट' म्हणतात. तेथें 'फाइन'चा उत्तमपणाशीं कांहीं संबंध नाहीं. क्रिकेटमधील 'फाइन लेग'हि तसाच. तो क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या पाठीमागें, दोन्हीकडच्या यष्ट्यांस जोडणाऱ्या रेषेशीं लहान कोन साधून उभा असतो, म्हणून तो 'फाइन'. ढग निवळून ऊन पडलें कीं दिवसहि 'फाइन' होतो, आणि ललित कलांस तर ही पदवी कायमचीच मिळाली आहे.

दुसरी शाखा तंट्याची. मध्ययुगीन इंग्लंडांत जमिनीच्या वादाचा राजाच्या न्यायालयांत समेटानें जो शेवट होई, त्यास 'फाइन' म्हणत. समेटाचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीन वेळां लिहीत. दोन प्रती शेजारींशेजारीं आणि तिसरी पायथ्याशीं. मग नागमोडी रेषेनें चर्मपत्र कापून वरच्या दोन प्रती दोन पक्षांस देत. पायथ्याचा तुकडा इ. स. ११९५ पासून सरकारांत ठेवूं लागले. कोणीं बनावट कागद पुढें आणल्यास त्याची कड सरकारी तुकड्याच्या कडेशीं जुळत नसे. ही युक्ति इतकी भरंवशाची ठरली कीं, पुढें जमीन विकणारे व घेणारे आपसांत लटका दावा लावून हा कागद करून घेऊं लागले. १८३३ च्या कायद्यानें ही पद्धत बंद झाली. परंतु ते तुकडे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आजहि जपून ठेविलेले आहेत. प्रकरण मिटविण्यासाठीं जी रक्कम भरावयाची तीहि 'फाइन'च. आणि कालांतरानें अपराधाबद्दल भरावयाच्या रकमेस तें नांव चिकटून राहिलें. देण्याघेण्याचा हिशेब मिटविणें हाच 'फायनान्स' शब्दाचाहि मूळ अर्थ.

आपला 'दंड' शब्द याच्याशेजारीं ठेवून पाहावा. दंड म्हणजे मूळची काठी. त्या काठीवरून शिक्षा, शिक्षेवरून राजाची दंडनीति, आणि शेवटीं सावकाश मोजून द्यावयाचे रुपये, अशी त्याची वाट आहे. आपला शब्द उगारलेल्या काठीची आठवण ठेवतो, तर इंग्रजी शब्द मिटलेल्या तंट्याची.

शेवटाचा अर्थ उत्तमाकडे कसा गेला, याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या भाषाहि त्याच वाटेनें गेल्या आहेत. विचार करून करून ज्या टोकास तो सिद्ध झाला, तो 'सिद्धांत'. वेदांचा शेवटचा भाग तो 'वेदांत', आणि त्यांचें सार तोहि 'वेदांत'च. अरबींतून आलेला 'कमाल' शब्द तर आपण रोज वापरतों. 'कमाल मर्यादा' म्हटलें कीं ती हद्द झाली, आणि 'कमाल केलीस!' म्हटलें कीं ती शाबासकी झाली. 'फीनिस'च्या गोतावळ्यांतील एक नातलग आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील माणसांस आवडेल. 'अ‍ॅफिनिटी' शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास, ज्याची शीव आपल्या शिवेस लागली तो शेजारी, आणि त्यावरून लग्नसंबंधानें जोडला गेला तो सोयरा, असा अर्थ निघतो.

एवढें सांगितल्यावर दोन्ही 'फाइन' एकाच आजीचीं नातवंडें आहेत, हें आमच्या चिमुकल्या पंडितास पटलें, आणि मीहि समाधानानें हात धुण्यास उठलों.

परंतु हल्लींच्या बोलण्यांत हा शब्द ज्या ठिकाणीं सर्वांत अधिक येतो, तें ठिकाण मीं विचारांत घेतलेंच नव्हतें. आमचा थोरला नातू परगांवीं राहून अभियांत्रिकी शिकतो. रोज रात्रीं त्याचा दूरध्वनि येतो. मी विचारतों, "काय, कसा आहेस?" तो म्हणतो, "फाइन, आजोबा." मग मी यंत्र दुसऱ्याच्या हातीं देतों. पूर्वींच्या पत्रांतहि येथील सर्व कुशल असल्याचें प्रथम कळविण्याची रीत होती, आणि तीहि पुष्कळदां रीतच असे. पण त्या ओळीनंतर पत्रास आरंभ होई. ह्या शब्दानंतर संभाषण आटोपतें.

त्या रात्रींहि असेंच झालें. मी यंत्र खालीं ठेवणार, तोंच आमची सौभाग्यवती म्हणाली, "त्याचा आवाज मला ठीक वाटत नाहीं."

मी म्हणालों, "अग, आतांच तर तो 'फाइन' म्हणाला."

तिनें कांहीं उत्तर न देतां यंत्र मजकडून घेतलें आणि विचारलें, "बाळ, आज काय जेवलास?" पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं येईना. मग हळूहळू सारें बाहेर आलें. तीन विषयांत तो अनुत्तीर्ण झाला होता. निकाल लागून दहा दिवस होऊन गेले होते. मित्र विचारतील म्हणून त्यानें खानावळींत जाणें सोडलें होतें, आणि घरीं सांगण्याचा धीर होत नव्हता. त्या दहाहि रात्रीं तो मला 'फाइन' म्हणाला होता, आणि दहाहि रात्रीं मीं तें खरें मानलें होतें. त्याचे वडील त्याच रात्रीच्या गाडीनें निघाले. आतां तो सावरला आहे आणि फेरपरीक्षेच्या अभ्यासास लागला आहे.

भर्तृहरीच्या यादींतील ती शेवटची खूण मला तेव्हां आठवली. मम्मटानें 'काव्यप्रकाशा'त ही यादी घेऊन म्हटलें आहे कीं, स्वरावरून अर्थ ठरतो तो वेदांतच, काव्यांत नव्हे. त्याच्या मनांत उदात्तादि वैदिक स्वर होते. 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्रास मारणारा होण्याऐवजीं वृत्र इंद्राकडूनच मारला गेला, ही कथा प्रसिद्धच आहे. परंतु बोलणाऱ्याच्या आवाजांतील पालटास शास्त्रकारांनीं 'काकु' असें निराळें नांव दिलें आहे, आणि खुद्द मम्मटानेंहि गूढ अर्थ कळण्याच्या साधनांत तिची गणना केली आहे. शोक, भय इत्यादिकांमुळें ध्वनींत होणारा विकार ती काकु, असें अमरसिंह सांगतो. ही व्याख्या मला लहानपणापासून मुखोद्गत आहे. आमच्या घरांत काकु ऐकूं आली ती मात्र जिनें 'अमरकोश' कधीं उघडला नाहीं तिला.

मग आणखी एक जुनी गोष्ट आठवली. मी शिक्षक असतांना उशिरा येणाऱ्या मुलांकडून पंचवीस पैसे दंड घेत असें. एक मुलगा वारंवार उशिरा येई, नाणें मुकाट्यानें मेजावर ठेवी आणि जागेवर जाऊन बसे. मी वहींत नोंद करीं आणि प्रकरण मिटलें असें समजें. वर्ष संपतांना कळलें कीं, तो पहाटेपासून घरोघर वर्तमानपत्रें टाकून मग शाळेस येत असे. माझा दंड तो त्याच कमाईंतून भरीत होता. 'तुला उशीर कां होतो?' एवढें विचारण्यास मला किती वेळ लागला असता? फाइन घेतला म्हणून मीं त्या मुलास विचारलें नाहीं, आणि 'फाइन' ऐकलें म्हणून नातवास विचारलें नाहीं. दोन्ही ठिकाणीं शब्दानें आपला मूळचा अर्थच बजावला होता. चौकशीचा शेवट झाला होता.

म्हणून परवां मीं धाकट्यास बोलावून उत्तराचें राहिलेलें अर्धें सांगितलें : "बाळ, 'फाइन' म्हणजे चांगलें कीं वाईट हें त्या शब्दावरून कळत नाहीं. त्याचा मूळ अर्थ 'संपलें' एवढाच. म्हणून आपल्या माणसानें 'फाइन' म्हटलें, तर त्यास आणखी एक प्रश्न विचारावा."

"कोणता?" त्यानें विचारलें.

मी विचार करीत होतों. इतक्यांत स्वयंपाकघरांतून त्याच्या आजीनेंच सांगितलें, "जेवलास का, हा."