तुमच्या तासांचा हिशेब तुमच्या हाती ठेवा

चाकण, वाळूज, बुटीबोरी, अंबड, तळोजा. कोणत्याही एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेटातून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगारांनो, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही किती तास राबलात, याचा पुरावा आज तुमच्याजवळ नाही. पंच कंपनीच्या मशीनमध्ये आणि मस्टर कंत्राटदाराच्या कपाटात. कंत्राट बदलले की मस्टरही त्याच्याबरोबर जाते. मग राहिलेला ओटी, साठलेली रजा, शेवटचा पगार, सगळ्याला एकच उत्तर मिळते: बघू. घरभाडे मात्र कुणासाठी थांबत नाही. मुलीची फी थांबत नाही.

म्हणून आजच एक वही करा. रोज लिहा: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, ओटी किती, सुपरवायझर कोण. दमून आलात तर लेकीला सांगा, ती लिहील. पेनाने लिहा, खाडाखोड करू नका. खाडा झाला असेल तर तोही लिहा. खाडेसुद्धा नोंदवणाऱ्या वहीवर कुणाचाही विश्वास बसतो. गेटपासचा आणि पगारपावतीचा फोटो काढा, घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. पावती मिळतच नसेल तर मागा. तो तुमचा हक्क आहे.

किती जाते आहे ते तरी बघा. ओटी दुप्पट दराने द्यावा लागतो. बारा तासांच्या पाळीत वरच्या चार तासांचे दुप्पट दराने पैसे म्हणजे आणखी एका पूर्ण दिवसाची मजुरी. तुम्हाला ओटी सिंगल मिळतो का? मग प्रत्येक पाळीमागे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. महिन्यात अशा वीस पाळ्या केल्या, तर दहा दिवसांचा पगार गेला. दहा दिवसांचा! एवढ्यात घरचे महिन्याचे वाणसामान येते.

रजेचेही तसेच. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पूर्वी पगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात, आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळते. काम सुटले तर उरलेल्या रजेचे पैसे मागा. आईला दवाखान्यात न्यायचे म्हणून घेतलेली सुट्टी बिनपगारी करू देऊ नका. आधी शिल्लक रजा विचारा.

आणि कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. कितीही घाई केली, कितीही दमात घेतले, तरी करू नका. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून रविवारची सुट्टी मागितली. ती मिळायला १८९० साल उजाडले. एवढ्या मोलाची असते कामगाराची सही. आकडा वाचा, मगच करा.

तुम्ही टाइम ऑफिसमध्ये बसत असाल, तर तुम्हालाही हात जोडून सांगणे आहे. कुणी सांगितले म्हणून कुणाचे तास कमी मांडू नका. समोरच्या माणसाचे घर तुम्हाला ठाऊक आहे, बहुधा एकाच टमटममधून येता. त्याने हजेरी विचारली तर दाखवा.

पैसे अडकलेच तर गप्प बसू नका. काम सुटल्यावर पगाराची सगळी देणी दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवीत. कंत्राटदाराने हात वर केले तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तुम्ही दावा केलात की पगार दिला हे मालकाने सिद्ध करायचे असते. पण काम किती केले हे तुम्हाला सांगता आले पाहिजे, तारीखवार. त्यासाठी ती वही. दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. एकटे जाऊ नका, पाळीतल्या चारचौघांना बरोबर घ्या, सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.