मातीच्या शिपायांची नावनिशी

गेल्या दिवाळीच्या आदल्या रात्री गावातील मुले नरकासुर मिरविण्यात दंग होती. आमचा नातू मात्र पेडण्याच्या घरी अंगणातल्या किल्ल्यापाशी एकटाच बसला होता. चिखलाचा किल्ला, त्यावर अळीव पेरलेले, आणि डिचोलीच्या बाजारातून आणलेली मातीची चित्रे समोरासमोर मांडलेली. भिडू नसल्याने दोन्ही बाजूंनी तोच लढत होता. कोण पडला, हे फासा ठरवी.

किल्ला कोणता, असे आम्ही विचारले. रायगड म्हणेल, ही आमची अटकळ. तो म्हणाला, "हळर्ण."

शापोरा नदीकाठचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. स्वारी करणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे आलोर्नाचा मार्क्विस हा किताब मिळाला. किल्ल्याचे नाव असे जेत्याला चिकटले. आत लढणाऱ्या शिपायांच्या वाट्याला किताब कुठला?

नातवाने ती उणीव आपल्या परीने भरून काढली होती. हात मोडलेला तो पुनो. डिचोलीच्या कुंभाराचा मुलगा, चाक सोडून आलेला. तुतारीवाल्याला रातांधळेपण. पाण्याचा हंडा घेतलेला, नदीवरचा तारी. गोऱ्या शिपायालाही त्याने लिस्बनला म्हातारी आई दिली होती. हे आम्हांला विशेष वाटले. आमच्या लहानपणी शत्रूच्या चित्रांना आई नसे.

इंग्लंडात १८२६ साली ब्राँटे भावंडांना वडिलांनी बारा लाकडी शिपाई आणून दिले. मुलांनी त्यांना नावे दिली, राज्ये दिली, आणि वर्षानुवर्षे त्यांच्या कथा लिहिल्या. त्यांतल्या बहिणी पुढे थोर कादंबरीकार झाल्या. आमच्या नातवाकडून तशी काही अपेक्षा नाही. त्याचे शुद्धलेखन आम्ही पाहिले आहे.

"पुनो खराच होता?" त्याने विचारले.

"किल्ला खरा, साल खरे. पुनो तुझा," आम्ही म्हणालो. एवढे स्पष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटले. घरातली गोष्ट इतिहास म्हणून गावात फिरू लागायला वेळ लागत नाही.

त्याने मान डोलावली आणि फासा टाकला. दान पुनोच्या विरुद्ध पडले. एरवी चित्र उचलून टोपलीत जायचे. तो तसाच बसून राहिला.

"आजोबा, याच्या घरी कोण सांगणार?"

आम्ही तारीकडे बोट दाखविले. हंडा खाली उतरविता येईना, म्हणून हंड्यासकटच तारी निळ्या रांगोळीच्या नदीकडे निघाला. जेवणाची हाक दोनदा आली. त्याला डिचोलीला पोचविल्याशिवाय नातू उठला नाही.