चढणीच्या माशांना वाट द्या

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या आणि कोरड्या ओढ्यांतून गढूळ पाणी खळाळू लागले, की वाळवा आणि शिराळा तालुक्यांतील गावांत एक निराळीच लगबग सुरू होते. 'मासे चढू लागले' अशी वर्दी कुणीतरी आणतो आणि तिन्हीसांजेला बत्त्या, जाळी, बुट्ट्या, काठ्या, प्रसंगी कोयतेही घेऊन लहानथोर ओढ्याकाठी जमतात. इस्लामपूरच्या एखाद्या कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करणारा कारकूनही त्या रात्री विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरतो. कृष्णा आणि वारणा यांच्यामधील या मुलखाचा मासेमारीच्या हंगामाचा हा पहिला दिवसच म्हणावयाचा. त्यातील आनंद आम्हांस अपरिचित नाही. परंतु हा दिवस ज्या मुहूर्तावर येतो तो मुहूर्तच चुकीचा आहे, हे आता स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मासेमारीचा पहिला दिवस साजरा करण्याची हौस काही आपलीच नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १ एप्रिल हा ट्राउट माशाच्या हंगामाचा पारंपरिक प्रारंभदिन. हवेत अजून गारठा असतो, बोटे बधिर होतात; तरीही पिसे आणि दोरा यांची कृत्रिम माशी गळाला बांधून शौकीन मंडळी पहाटेपासून पाण्याकाठी उभी राहतात. आपल्या देशात काश्मीरमध्ये १९०० साली ब्रिटनमधून आणलेल्या ट्राउटच्या अंड्यांची पैदास यशस्वी झाली आणि त्या माशाबरोबर परवाना, पकडीची मर्यादा आणि बंद हंगाम हे नियमही तेथे रुजले. हा मासा थंडीच्या दिवसांत अंडी घालतो, म्हणून त्या दिवसांत पाण्याला हात लावावयाचा नाही, इतका हा हिशेब साधा आहे. प्रारंभदिनाच्या उत्सवाला अर्थ येतो तो त्याआधी पाळलेल्या संयमामुळे.

हा विचार केवळ साहेबी आहे, असेही कुणी समजू नये. आमच्या कोकणातील कोळी बांधव श्रावणी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात, त्यामागे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची जुनी रीत आहे. आज शासनाने यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरवून दिली आहे. समुद्रातील या बंदीची बातमी प्रतिवर्षी वर्तमानपत्रांत झळकते. पण घाटमाथ्याच्या अलीकडे, आमच्या ओढ्यानाल्यांच्या काठी, असा संयम कुणाच्या गावीही नसतो. उलट समुद्रावर जे दिवस बंदीचे, तेच येथे धुमधडाक्याचे!

मासे चढतात ते कशासाठी, याचा विचार करावा. उन्हाळाभर नदीच्या डोहात राहिलेली मादी पहिल्या पुराची चाहूल लागताच प्रवाहाच्या उलट दिशेने निघते. ओढ्यांच्या उथळ, नव्या पाण्यात ती अंडी घालते. तेथे पिलांना खाद्य मिळते, मोठ्या शत्रूंपासून आसरा मिळतो आणि पाणी ओसरू लागले की ती नदीकडे परततात. म्हणजे त्या रात्री बत्तीच्या उजेडात आपण जी खवल किंवा जो कोळस धरतो, तो बाळंतपणास माहेरी निघालेला जीव असतो. गाभोळीने भरलेला मासा मिळाला म्हणून आपण हरखून जातो. पण त्या गाभोळीत पुढील वर्षाचे हजारो मासे होते, हे ताटावर बसल्यावर कोण आठवतो?

या माशांची थोरवीही आपण विसरलो आहोत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा 'खुद्री' आणि 'कोळस' ही देशी नावेच त्याने शास्त्रीय नावांत घातली. आज जगभरचे अभ्यासक ती उच्चारतात. यांतील खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. या माशाची पैदास लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकापासून होत आली आहे, आणि ते काम निःसंशय मोलाचे आहे. तथापि तेथील पिले कावेरीत सोडली गेली, तेव्हा त्या नदीतील मूळच्या महसीरावर संकट ओढवले, हाही अनुभव आहे. कृत्रिम बीज सोडणे हा नैसर्गिक चढणीला पर्याय नव्हे, हा त्यातला धडा.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, हा गरिबाच्या ताटातला घास आहे. खरे आहे, आणि म्हणूनच तो टिकला पाहिजे. ओढ्यातील मासा संपला तर बाजारातला विकत घेण्याची ऐपत ज्याला नाही, त्याचेच ताट प्रथम रिकामे होणार. दुसरा आक्षेप असा की, खरे अपराधी वेगळेच आहेत. मोठ्या धरणांच्या भिंती मासा चढू शकत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेच्या पाण्यावर मृत माशांचा खच तरंगला, तो काही बुट्टी घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या पोराने घातला नव्हता. दूषित सांडपाणी नदीत सोडणाऱ्यांना शासन अभय देणार असेल, तर गावकऱ्यांना उपदेश करण्याचा नैतिक अधिकार त्यास उरत नाही. परंतु दुसऱ्याचे पाप मोठे म्हणून आपले लहान पाप पुण्य ठरत नाही.

आमची मागणी अवास्तव नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली आहे. तिची अंमलबजावणी कठोरपणे व्हावी. ओढ्याच्या मुखाशी या तीरापासून त्या तीरापर्यंत आडवे जाळे लावू नये. पहिल्या पुरानंतरचे पंधरा दिवस तरी ओढे मोकळे ठेवण्याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. महाड तालुक्यात काळ नदीच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून महसीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तेथे पहारा लोकांच्या श्रद्धेचा आहे. जे श्रद्धेला साधले, ते ग्रामसभेच्या ठरावाला का साधू नये?

आमच्याकडे जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि साधारण त्याच सुमारास मासेही चढतात. शिक्षकांनी एखाद्या सकाळी मुलांना ओढ्याकाठी न्यावे आणि प्रवाहाशी झुंजत वर निघालेला मासा दाखवावा. जीवशास्त्राचा याहून जिवंत पाठ कोणत्या पुस्तकात असणार? ती मुले घरी जाऊन वडिलांच्या हातातील बत्ती मालवतील, अशी आम्हांस आशा आहे. पंधरा दिवसांनी ती पुन्हा खुशाल पेटवावी. तोपर्यंत ओढ्यात अंडी पडलेली असतील आणि पुढच्या मृगाची बेगमी झालेली असेल.