आधी दार उघडा, दाखला मागाहून पाहा



2020 सालच्या मार्च महिन्याच्या 24 तारखेस रात्री आठ वाजता कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदीची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून अवघा देश घरात बसला. त्यानंतरच्या आठवड्यांत हृद्रोगतज्ज्ञांना एक विलक्षण अनुभव आला. छातीत कळ उठली म्हणून रात्री-अपरात्री धाव घेणारे रुग्ण येईनासे झाले, आणि एरवी जेथे खाटेसाठी वशिला लावावा लागे त्या हृदयविभागांत खाटा रिकाम्या राहू लागल्या. काही शहाण्या मंडळींनी याचा अर्थ असा लावला की, हवा शुद्ध झाली, कचेरीची दगदग संपली, लोकलच्या गर्दीतले धक्के चुकले, सबब हृदये सुखावली. हा तर्क ऐकावयास गोड असला तरी सर्वस्वी खोटा आहे, आणि तो पुढच्या साथीत पुन्हा कोणी पुढे करू नये म्हणून हे पत्रक काढावे लागत आहे.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशातील 187 रुग्णालयांची आकडेवारी गोळा केली, तेव्हा 2019 च्या त्याच महिन्यांच्या मानाने हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेले रुग्ण 35.4 टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ही घट मोठ्या शहरांत आणि वडीलधाऱ्या माणसांत विशेष होती. परंतु त्या पाहणीतील खरी विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे. या घटीचा संबंध कोरोनाच्या रुग्णसंख्येशी ताडून पाहिला तेव्हा तो सैल निघाला, आणि टाळेबंदीच्या कडकपणाशी ताडून पाहिला तेव्हा तो घट्ट निघाला. हुकूम जसजसा कडक होत गेला, तसतसा हृद्रोगी रुग्णालयाच्या दप्तरातून गैरहजर होत गेला.

तो घरी सुखरूप होता काय? इटलीतील 54 रुग्णालयांचा मार्च 2020 मधील एका आठवड्याचा हिशेब पाहावा. दाखल होणारे रुग्ण मागील वर्षाच्या निम्म्यावर आले. पण धमनी पूर्णपणे तुंबून आलेल्या झटक्यात दगावणाऱ्यांचे प्रमाण, जे पूर्वी 4.1 टक्के होते, ते 13.7 टक्के झाले. याच सुमारास इटलीतीलच लोम्बार्डीच्या चार जिल्ह्यांत रुग्णालयाबाहेर हृदय एकाएकी बंद पडण्याचे प्रसंग मागील वर्षाच्या त्याच चाळीस दिवसांतील 229 वरून 362 वर गेले. या वाढीतील पुष्कळांना कोरोनाचा संसर्ग झालेला होता किंवा तसा संशय होता, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. कारण दुसऱ्याच्या तर्कातील खोट दाखवावयास निघालेल्याने स्वतःच्या आकड्यांत लबाडी करू नये. तथापि त्यानेही आमचेच म्हणणे बळावते. श्वसनाचा ज्वर हृदयास बाधतो हे कोरोनापूर्वीच सिद्ध झाले होते: कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील 2018 सालच्या अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहापट आढळला होता. म्हणजे साथीच्या काळात झटके वाढणार हे गृहीत धरून तजवीज व्हावयास हवी होती. झाली ती उलटी.

धमनी तुंबल्यावर हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आत मरू लागतो, आणि बारा तासांनंतर वाचवावयास फारसे काही उरत नाही. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शनही पहिल्या दोन-तीन तासांतच खरा गुण देते. हाँगकाँगमध्ये त्या दिवसांत थोड्याच रुग्णांची पाहणी झाली, पण कळ उठल्यापासून वैद्यकीय मदत मिळेपर्यंत पूर्वी जेथे साधारण ऐंशी मिनिटे जात, तेथे 318 मिनिटे गेलेली दिसली. आपल्याकडे हा वेळ कसा गेला हे ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक आहे. पित्त झाले म्हणून ओवा चघळला, इनो घेतले, रात्र काढली. पहाटे घाम फुटला तेव्हा गाडी नाही, गाडी मिळाली तर चौकात पोलिसांपुढे जाबसाल, पुढे पहिले रुग्णालय कर्मचारीच बाधित झाल्यामुळे बंद, आणि दुसऱ्याच्या दारात एकच प्रश्न: कोरोनाचा रिपोर्ट कुठे आहे? तो रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यावयाचा. अशा रीतीने उशिरा पोहोचून जे वाचले, त्यांच्या घरी आजही ‘हृदयाचे पंपिंग तीस टक्क्यांवर आले आहे’ हे वाक्य ऐकू येते, आणि दोन जिने चढताना धाप लागते.

डॉक्टर व परिचारिका यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यातील कित्येकांनी प्राण गमावले, आणि प्रारंभी पुरेसे संरक्षक पोशाखही त्यांच्या हाती नव्हते. कसूर आहे ती हुकूम काढणाऱ्यांची. मुंबईच्या प्लेगासाठी 1897 साली घाईने केलेला अवघ्या चार कलमांचा कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा अमलात आणला गेला. त्यात अडवणे, तपासणे, अलग ठेवणे, शिक्षा देणे यांचा बंदोबस्त आहे, पण साथीखेरीज अन्य रोगाने तडफडणाऱ्या माणसाविषयी त्यात एक अक्षर नाही. एप्रिलच्या अखेरीस केंद्र सरकारला राज्यांस लिहावे लागले की, निकडीच्या उपचारापूर्वी कोरोना तपासणीचा आग्रह धरला जाऊ नये. पाच आठवडे उलटल्यावर हे सुचले! वस्तुतः परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले होते की, प्राण वाचविण्याच्या कर्तव्याआड कोणतीही औपचारिकता येऊ शकत नाही. आणि 1996 साली, आगगाडीतून पडून जखमी झालेल्या व एकामागून एका सरकारी रुग्णालयाने परत पाठविलेल्या बंगालमधील एका मजुराच्या प्रकरणात, निकडीचा उपचार नाकारणे म्हणजे राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदाचा भंग होय, असे ठरवून राज्य सरकारला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावयास लावली होती.

पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. येईल यात शंका नाही. तिच्यापूर्वी सरकारने स्वतःस लेखी बांधून घ्यावे की, छातीत कळ घेऊन आलेला प्रत्येक रुग्ण बाधितच आहे असे समजून, संरक्षक पोशाख चढवून, दारातच दहा मिनिटांत त्याचा ईसीजी काढला जाईल आणि तपासणीचा दाखला उपचार चालू असतानाच मागाहून येईल. जेथे ॲन्जिओप्लास्टीची सोय दूर आहे अशा प्रत्येक तालुक्यात गुठळी विरघळविणारे औषध व ते देऊ जाणणारा डॉक्टर हजर राहील. 108 च्या रुग्णवाहिकांपैकी ठरावीक गाड्या साथीच्या कामास जुंपल्या जाणार नाहीत. आणि ‘घरीच राहा’ असे ज्या पडद्यावरून सांगितले जाईल, त्याच पडद्यावरून, तितक्याच वेळा, ‘छातीत दुखले तर घरी राहू नका’ असेही सांगितले जाईल. शिवाय 2020 व 2021 या दोन वर्षांत घरच्या घरी किती माणसे हृदय बंद पडून गेली, याची जिल्हावार मोजणी करून ती प्रसिद्ध करावी. इतर मागण्यांस पैसा लागेल म्हणून कोणी सबबी सांगेल. या शेवटच्या मागणीस दप्तर उघडण्यापलीकडे फारसे काही लागत नाही.

आपल्या ग्रामसभेत वा प्रभागात हा विषय मांडावा, लोकप्रतिनिधीकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्यावे. विशेषतः जेथे म्हातारी माणसे एकटी राहतात, तेथे.