कपाटात एकाच घरची मुलं

मराठी शाळेतलं पुस्तकांचं कपाट एकदा उघडून पाहा. किल्ली मिळाली, तर. वरच्या कप्प्यात थोर पुरुषांची चरित्रं, मधल्यात इसापनीती, अकबर-बिरबल आणि तेनालीराम, खाली संस्कारकथांचे संच. हाडामांसाच्या मुलांच्या गोष्टी शोधायला लागलात, तर ज्या थोड्या हाती लागतील त्यांतली मुलं बहुतेक एकाच घरची निघतात. ती मे महिन्यात मामाकडे जातात, आजी त्यांना गोष्टी सांगते, परीक्षेत पहिला नंबर हुकला की रुसतात. त्या घराबाहेरचं कुणी आलंच, तर पाहुण्यासारखं येतं. मुसलमान मित्र ईदला शिरखुर्म्याची वाटी घेऊन येतो आणि पान उलटताच नाहीसा होतो. रिक्षावाल्याचा मुलगा गरीब पण प्रामाणिक असतो. सापडलेलं पाकीट परत करण्यापलीकडे त्याला काही कामच नसतं. आदिवासी मुलगी निरागस असते, पाखरांशी बोलते. तिला राग येत नाही, ती खोटं बोलत नाही, तिला गणिताचा कंटाळाही येत नाही.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभरात नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत. मेळघाटात कोरकू, धडगावात पावरी आणि भामरागडात माडिया बोलणारी मुलं आज पहिलीच्या वर्गात बसून मराठी वाचायला शिकताहेत. त्यांना या कपाटात स्वतःचं घर दिसत नाही आणि पुण्या-नाशिकच्या मुलांना त्यांचं. हे पूर्वीही असंच होतं, हे खरं. पण पूर्वी मुलाच्या मनातली ती जागा निदान रिकामी तरी राहायची. आता ती मोबाईल भरून काढतो. दुसऱ्या जातीचं, धर्माचं, देशाचं माणूस मुलाला पहिल्यांदा भेटतं ते कुणीतरी पुढे ढकललेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत. बहुधा ते चिडलेलं असतं, नाहीतर हास्यास्पद. पुस्तकानं उशीर केला, तर पुढे त्याला आयतं तयार झालेलं मत खोडत बसावं लागतं, आणि ते पुस्तकाला क्वचितच जमतं.

मराठीनं एकेकाळी आपल्या मुलांसाठी जग घरी आणलं होतं. राम पटवर्धनांच्या ‘पाडस’ या अनुवादानं फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी इथल्या मुलांचा मित्र करून टाकला. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादानं ‘तोत्तोचान’ आली आणि तोक्योची आगगाडीच्या डब्यांतली शाळा आपल्या शिक्षकांच्याही बोलण्यात आली. मॉस्कोहून तर मराठीतच छापलेली रंगीत पुस्तकं यायची, अगदी स्वस्तात. त्यांत प्रचार नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण बर्फात खेळणारी, भांडणारी, चिडणारी मुलंही त्यांत होती. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ती वाट बंद झाली. दुसऱ्या देशाच्या तिजोरीवर चाललेली सोय संपली, तर समजू शकतो. पण ती जागा भरण्यासाठी आपण आपली तिजोरी उघडली नाही, हे कसं समजून घ्यायचं?

आणि जे आहे, ते तरी मुलांपर्यंत जातं का? डेबोरा एलिस यांची ‘द ब्रेडविनर’ अपर्णा वेलणकर यांच्या अनुवादामुळे मराठीत आहे. तालिबानच्या काबूलमध्ये वडिलांना पकडून नेल्यावर अकरा वर्षांची परवाना केस कापते, मुलाचे कपडे घालते आणि बाजारात बसून लोकांना पत्रं वाचून दाखवते, लिहून देते. पुढे मैत्रिणीबरोबर कबरस्तानातली हाडं उकरून विकते. सहावी-सातवीतल्या मुलीला हे समजणार नाही, असं समजणाऱ्या मोठ्यांनी सहावी-सातवीतल्या मुलीशी अलीकडे गप्पा मारलेल्या नसाव्यात. तरीही असं पुस्तक आपल्या वाचनालयांत सहसा मोठ्यांच्या अनुवादित कादंबऱ्यांत ठेवलेलं असतं.

घरचं उदाहरण याहून बोचरं आहे. वेगळ्या बालपणांबद्दल मराठीइतकं अस्सल लेखन फार थोड्या भाषांत असेल. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) म्हणजे गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या मुलाचं शिक्षण. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीत वाढण्याची कथा सांगतं. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण पाठ थोपटून घेतली, आणि ते सगळं बालपण मोठ्यांच्या कपाटात बंद केलं. त्यातून बारा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी काही घडवावं, किंवा त्या वस्त्यांमधल्या आजच्या तरुणांना कुमारांसाठी लिहितं करावं, हे काम प्रकाशकांनी तुरळक आणि शासनानं त्याहून कमी केलं. कॅमेरा मात्र तिथवर पोचला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटातला अशाच घरचा मुलगा जब्या पडद्यावर दिसला तेव्हा शहरी प्रेक्षक हादरला. जब्यासारखा नायक त्याला पुस्तकात कधीच भेटला नव्हता.

प्रकाशक म्हणतील, रंगीत पुस्तक महाग पडतं, परदेशी हक्कांची रक्कम आगाऊ मोजावी लागते, आणि हजार प्रती खपायला वर्षं जातात. गाऱ्हाणं खोटं नाही. पण त्याचा भार कुणावर पडतो, ते पाहा. इंग्रजी माध्यमातलं, पैसेवाल्या घरचं मूल नायजेरिया, इराण, कोरिया सगळं इंग्रजीतून वाचतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला मात्र जगाचा पत्ता इंग्रजी येईपर्यंत मिळत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्य पेटलं आणि २९ जून २०२५ला सरकारला त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. लढा योग्यच होता. मात्र ज्या मराठीसाठी तो लढला गेला, तिच्यात दहा वर्षांच्या मुलानं काय वाचायचं, हा प्रश्न त्या लढ्यात फारसा कुणी विचारला नाही.

पैसा अगदीच नाही, असंही नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी दरवर्षी इयत्तांनुसार ५ ते २० हजार रुपयांची तरतूद आहे. तेवढ्यात पंचवीस-तीस चांगली पुस्तकं तरी येतात. आजवरचा शिरस्ता असा, की मार्चअखेर निधी खर्ची टाकायची घाई होते आणि पुरवठादाराकडे जो गठ्ठा तयार असतो तो शाळेत येऊन पडतो: पुन्हा चरित्रं, पुन्हा बिरबल. शिक्षण विभागानं यंदा मार्चची वाट न पाहता यादी नव्यानं करावी. ती करायला मुलांसाठी लिहिणारे, अनुवादक आणि नंदुरबार-गडचिरोलीचे शिक्षक बसवावेत, आणि यादीत निम्मी तरी पुस्तकं अशा मुलांची असावीत, जी आजच्या कपाटात नाहीत.