पंगतीत आपली कोण?

ग्रंथालयात कलेच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक चाळत होते. एका पानावर भलेमोठे त्रिकोणी टेबल दिसले. ताटे मांडलेली, पेले ठेवलेले. जेवायला मात्र कुणीच नाही. अमेरिकेच्या ज्यूडी शिकागो यांची ही कलाकृती, ‘द डिनर पार्टी’. १९७४ ते १९७९ अशी पाच वर्षे तिचे काम चालले. आता ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे.

एका बाजूला तेरा, अशी एकूण ३९ पाने. प्रत्येक पान एकेका स्त्रीचे. इजिप्तची राणी हॅटशेपसुट आहे, कवयित्री सॅफो आहे, व्हर्जिनिया वूल्फ आहे. खालच्या फरशीवर सोनेरी अक्षरांत आणखी ९९९ नावे. त्यांत क्रेसिलास हा ग्रीक शिल्पकार स्त्री समजून चुकून शिरला आहे. पंगत म्हटली की आगंतुक आलाच!

मला भावले ते ताटांखालचे भरतकाम. त्या त्या स्त्रीच्या काळातले टाके वापरून ते केलेले आहे. सुईदोरा म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असे म्हणणाऱ्यांनी ते पाहावेच. माझी आजी सुंदर भरायची आणि जन्मभर शेवटच्या पंगतीला, उरलेसुरले वाढून घेऊन जेवली. ते टेबल पाहताना तीच डोळ्यांपुढे आली.

मग ३९ जणींत आपली कोण, म्हणून यादीवरून बोट फिरवले. सापडली ती काली. म्हणजे देवी! हाडामांसाची एकही भारतीय बाई त्या पंगतीत नाही. मला राग आला, पण शिकागोबाईंना बोल लावून काय उपयोग? आपण तरी निराळे काय करतो? देवीची ओटी भरतो आणि बाईचे नाव विसरतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले नसते, तर आपल्या किती जणांना त्या ठाऊक असत्या?

यंदाच्या स्नेहसंमेलनात रांगोळीला पुन्हा दुर्गा नको. सभागृहाच्या दारात ताराबाईंचे पान मांडू या. महिरप मी काढीन. मुकुट तेवढा कुणी घालू नका.